थुंकणारा नळ

मुलांनो, मी आयुष्यभर थापा मारल्या. वाघाला चहा पाजला, देवमाशाच्या पोटात बसून पत्ते कुटले. त्यामुळे दोन हजार सत्तेचाळीस साली माझ्या स्वयंपाकघरातला उकळत्या पाण्याचा नळ खरोखरच माझ्यावर थुंकला, तेव्हा कोणी विश्वास ठेवीना.

"थुंकला म्हणजे?" माझा मुलगा सुहास पुण्याहून फोनवर ओरडला. "हात भाजलाय तुमचा, आबा! वाघानं चहा मागितला होता का?"

"अरे, मी नळाची मूठ फिरवलीच नव्हती. आपणहून फुस्स करून..."

"पुरे. रविवारी येतो. नळ काढायचा आणि तुम्ही पुण्याला चलायचं. एकटं राहणं बास झालं."

हात फार भाजला नव्हता. वीस मिनिटं गार पाण्याच्या धारेखाली धरला, भागलं. भाजलं ते निराळंच. माझा उजवा हात थरथरतो, गॅसवरचं आधण मला उतरवता येत नाही. नळ आहे म्हणून माझा चहा मी करतो, आणि माझा चहा मी करतो म्हणून हे महाबळेश्वरचं घर माझं आहे.

सुट्टीला आलेली नात शाल्मली, वय वर्षं अकरा, माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"आबा, खरं सांग. थुंकला?"

"थुंकला."

"वाघाशप्पथ?"

"वाघाशप्पथ."

"मग झालं," म्हणाली आणि नळाची उलटतपासणी घ्यायला गेली. हल्लीचे नळ बोलतात, हे तुम्हाला ठाऊकच आहे.

"माझी काही चूक नाही," नळ फुरंगटून म्हणाला. "माझी मूठ आधी दाबावी लागते, मग फिरवावी लागते. लहान मूल चुकून मला सुरू करू शकत नाही. धार बारीक, अंग बाहेरून गार. आणखी काय करू?"

शाल्मलीनं ओट्याखालचं दार उघडलं. आत पाणी तापवणारी जाड आवरणाची टाकी. तिच्यावर लाल दिवा.

"हा कधी विझतो?"

"पाणी अठ्ठ्याण्णव अंशांवर पोचलं की. गुहागरला रोज विझायचा. इथं आल्यापासून एकदाही नाही. तीन आठवडे तापवतोय मी!"

खरं होतं ते. गुहागरचं घर सोडताना मी सगळी भांडीकुंडी वाटून टाकली होती. नळ नि टाकी तेवढी बोचक्यात बांधून आणली.

शाल्मलीनं शेजारच्या काकूंचा जॅम करायचा तापमापक आणला. मी गॅसवर पाणी ठेवलं. पाणी खदखदायला लागलं. तापमापक साडेपंचाण्णवावर जाऊन थांबला. गॅस मोठा केला, बुडबुडे नाचले, पण आकडा हलेना.

"तापमापकपण खोटं बोलतो?" ती म्हणाली.

"माझ्या घरात आला ना, बिघडला!"

मी चाळीस वर्षं वेधशाळेत (हवामानाची मोजमापं होतात तिथे) काढलेली. आता कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला होता. पण गप्प राहिलो. थापाड्याचं उत्तर कोण ऐकणार? ते तिच्या तोंडून यायला हवं.

"पोरी, घाट चढताना तुझ्या वेफर्सच्या पुडीला काय झालं?"

"फुगली! टम्म!"

"का बरं?"

तिनं गाल फुगवून पाहिले. "वर हवा विरळ. बाहेरून दाबायला कमी."

"त्याला वायुदाब म्हणतात (हवेच्या वजनाचा भार). समुद्राकाठी हवेची दुलई जाड, इथं पातळ. आता बुडबुड्याचा विचार कर."

"वाफेच्या बुडबुड्याला ती दुलई ढकलावी लागते," शाल्मली सावकाश म्हणाली. "गुहागरला शंभर अंश लागतात. इथं दुलई पातळ... म्हणजे साडेपंचाण्णवातच उकळतं! त्यापुढं कितीही तापवा, नुसती वाफ. आबा, हा अठ्ठ्याण्णवची वाट बघत बसलाय आणि टाकीतली वाफ पाण्याला ढकलत तोंडातून..."

"थुंकते," मी म्हणालो.

नळानं एक थेंब गाळला. मग हळूच म्हणाला, "तीन आठवडे मी इथं नसलेल्या अंशाची वाट बघत होतो? आपण डोंगरावर आलोय, हे मला कोणी सांगितलंच नाही."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जगाला नको ते सांगत सुटलो आणि सांगायचं तेवढं राहिलं.

आम्ही टाकी बंद केली. दुसऱ्या दिवशी दुरुस्तीवाल्या ताईंनी येऊन नळाला उंची सांगितली, आकडा त्र्याण्णवावर आणला. लाल दिवा टप्पकन विझला.

रविवारी सुहास पाना घेऊनच आला. शाल्मलीनं त्याला सगळं समजावलं. तो तासभर नळासमोर खुर्ची टाकून बसला. नळ थुंकला नाही.

मग मी उठलो. कप हातात न धरता खाली जाळीवर ठेवला. मूठ दाबली, फिरवली. हात थरथरत होता, धार नाही. चहाचा कप सुहासपुढे सरकवला.

त्यानं एक घोट घेतला. पाना पिशवीत टाकला. "साखर कमी आहे," एवढंच म्हणाला, आणि डोळे पुसायला चष्मा काढला.

"आबा, मंगळावर तर हवा नावालाच," शाल्मली म्हणाली. "तिथं पाणी कधी उकळेल?"

"बर्फ वितळला न वितळला तोच! मी मंगळावर चहा प्यालो तेव्हा..."

"आबा!"

"बरं, नाही प्यालो. तू पी. घट्ट झाकणाची टाकी कर, आत दाब तूच भर."

ती कागद-पेन्सिल घेऊन बसलीसुद्धा.

"निघाल तेव्हा," ओट्यावरून आवाज आला, "मला आधी उंची सांगा."