लिफ्टचा विषय सोडून

लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्येच अडकली, तेव्हा तिच्या हातात नेमका लिफ्टबद्दलचाच कागद होता. नशीब कधीकधी फार पाचकळ विनोद करतं.

बांधकाम खात्याच्या इमारतीतली ती म्हातारी लिफ्ट एकदा गचकली, दिवा मिणमिणला आणि सगळं गप्प झालं. आत दोघंच. एक ती, आमदारबाईंच्या कार्यालयात सभागृहासाठीचे लेखी प्रश्न तयार करणारी. आणि दुसरा एक उंच, किडकिडीत तरुण, फायलींचा गठ्ठा छातीशी धरलेला, चष्म्यावरचे पावसाचे थेंबही न पुसलेला.

"घाबरू नका," तो म्हणाला. "ही रोजच अडकते. होईल सुरू... आपोआप."

"घाबरतंय कोण? मला तर आनंद झालाय. बांधकाम खातं स्वतःच्याच लिफ्टमध्ये अडकलं! हे दुसऱ्यांच्या काय दुरुस्त करणार, कप्पाळ?"

"दुसऱ्यांच्या म्हणजे?"

तिला तेवढंच हवं होतं. सरकारी रुग्णालयात हाडांचा विभाग तिसऱ्या मजल्यावर, आणि लिफ्ट बंद. पाय मोडलेली माणसं खुर्चीत बसवून जिन्यावरून उचलून न्यायची. बाईंनी त्यावर सभागृहात लेखी प्रश्न टाकला. लेखी प्रश्न आला की खात्याला लेखी उत्तर द्यावंच लागतं, टाळता येत नाही. आणि उत्तर काय आलं?

"ऐका!" तिने कागद फडकवला. "'रुग्णालयातील सर्व लिफ्ट बंद आहेत, हे खरे आहे काय? असल्यास, दुरुस्तीस विलंब होण्याची कारणे काय?' यावर उत्तर, 'हे खरे नाही.' आणि पुढचं सगळं एका फटक्यात, 'प्रश्न उद्भवत नाही'! हे लिहिणारा एकदा भेटू दे मला..."

"भेटला तर?"

"तर विचारीन, बाबा रे, तुझी हाडं शाबूत आहेत, म्हणून तुला प्रश्न उद्भवत नाही का?"

त्याने चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाला पुसला, पुन्हा घातला.

"उत्तर खोटं नव्हतं," तो हळूच म्हणाला.

"तुम्हाला काय ठाऊक?"

"मीच... लिहिलंय ते."

नेमकी तेव्हाच लिफ्ट सुरू झाली. दार उघडलं. त्याने कोपराने दार अडवून तिला वाट करून दिली आणि म्हणाला, "प्रश्न नीट विचारा. उत्तर नीट मिळेल."

"म्हणजे काय?"

"याहून जास्त मला सांगता येणार नाही. नियमात बसत नाही." आणि एवढं बोलून त्याचे कान लालबुंद झाले. ते तिला दिसलं, आणि आपल्याला ते दिसलं याचाच तिला जास्त राग आला.

खरं तर त्या लिफ्टशी तिचं वैर घरचंच होतं. तिचे बाबा आयुष्यभर बस चालवून निवृत्त झालेले. बाथरूममध्ये पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया उत्तम झाली. पण पाय मोकळा व्हायला व्यायाम हवा, तो तिसऱ्या मजल्यावर. दोन वेळा कक्षसेवकांनी त्यांना खुर्चीत घालून वर नेलं. तिसऱ्या वेळी बाबा दारातूनच मागे फिरले.

"मी काय गव्हाचं पोतं आहे? लोकांना बसमधून नेलं मी आयुष्यभर. मला उचलून न्यायचं नाही."

"बाबा, पाय आखडेल हो."

"आखडू दे. तू ती लिफ्ट सुरू कर, मी येतो. एवढे प्रश्न विचारतेस ना, वकीलसाहेब?"

लहानपणापासून ती प्रश्न फार विचारायची, म्हणून घरात तिचं नाव वकीलसाहेब. डॉक्टरांनी बजावलं होतं, हा पावसाळा असाच गेला तर पुढे काठी सुटायची नाही. त्यामुळे ती रात्री कूस बदलत राहायची.

दुसऱ्या दिवशी तिने ते उत्तर बाईंपुढे ठेवलं. आमदारबाई आधी गणिताच्या शिक्षिका, आणि तो बाणा अजून गेला नव्हता.

"'सर्व लिफ्ट' असं का लिहिलंस?"

"जोर यावा म्हणून..."

"जोर आला, पण उत्तर लिहिणाऱ्याला पळायला खिडकी मिळाली. तिथे एक जरी लिफ्ट चालू असेल, तरी 'हे खरे नाही' म्हणायला तो मोकळा. आणि पहिलंच खरं नाही म्हटलं की पुढचं सगळं आपोआप बाद. लेखी प्रश्नाला उपप्रश्न नसतो गं. समोर उभं राहून 'अहो, पण...' म्हणता येत नाही. एकदाच विचारायचं, दारं-खिडक्या लावून."

ती कागद घेऊन बाहेर आली. चूक आपली होती, आणि तो मनुष्य खरंच बोलला होता. हे कबूल करणं तिला कारल्याहून कडू लागलं.

दोन इमारतींच्या मध्ये एक चहाची टपरी होती. तिथे तो दिसला. पळावं की भांडावं, असा विचार ती करत होती, तोवर त्याने दुसरा कप सांगितलासुद्धा.

"एक अट," तो म्हणाला. "लिफ्टचा विषय सोडून."

"का?"

"तुम्ही विचारणाऱ्यांच्या बाजूच्या, मी उत्तर देणाऱ्यांच्या. मी तुम्हाला आतलं सांगितलं, तर ती फितुरी. तुम्ही मला विचारलं, तर ती लबाडी."

"आणि चहा प्यायला, तर?"

"त्याबद्दल... नियम सापडला नाही. शोधला मी."

ती हसली. हसायचं नव्हतं, तरी हसली.

मग लिफ्टचा विषय सोडून जगातल्या सगळ्या विषयांवर बोलणं झालं. तिच्या बाबांच्या पायाबद्दल मात्र तिने चकार शब्द काढला नाही. तो विषय लिफ्टपाशीच जाऊन थांबला असता. तो तरुण आपल्या ताईकडे राहायचा. ताईचं म्हणणं, याला सरळ उत्तर देताच येत नाही. "जेवलास का विचारलं की म्हणतो, अंशतः!" हे ऐकून तिने त्याचं नाव 'उद्भवत नाही' ठेवून टाकलं. तोही त्या नावाला ओ द्यायला लागला. पाऊस असला की तो तिला बसथांब्यापर्यंत सोडायला यायचा. त्याच्या छत्रीची एक काडी मोडलेली. मोडकी बाजू नेहमी त्याच्याकडे, त्यामुळे त्याचा डावा खांदा कायम ओला. ती बघायची... आणि बघितलं नाही असं दाखवायची. ताकाला जाऊन भांडं लपवणं दोघांनाही छान जमत होतं.

आणि एका सकाळी ती रुग्णालयात जाऊन तळमजल्यावर नुसती उभी राहिली. बंद लिफ्टच्या दाराला साखळी. पण मागच्या बोळात एक दुसरं दार उघडलं, आणि आतून धुतलेल्या चादरींची गाडी दिमाखात वर निघाली. शेजारच्या जिन्यावरून दोन कक्षसेवक एका आजींना खुर्चीसकट वर चढवत होते. आजींनी डोळे घट्ट मिटून घेतले होते. चादरी लिफ्टने आणि माणसं खांद्यावर! ही होती ती चालू लिफ्ट. मनुष्य खरंच खोटं बोलला नव्हता.

तिथेच भिंतीला टेकून तिने नवा प्रश्न लिहिला. यात 'खरे आहे काय' हे शब्दच नव्हते. रुग्णांना ने-आण करणारी लिफ्ट केव्हापासून बंद आहे? दुरुस्तीचा प्रस्ताव कोणत्या तारखेला आला, आणि सध्या कोणत्या अधिकाऱ्याच्या टेबलावर आहे?

बाईंनी वाचला. "आता कुठे खिडकी नाही," त्या म्हणाल्या. आणि चष्म्यावरून बघत पुढे, "पण या टेबलाखाली कोणाचा तरी पाय अडकणार हं. चालेल?"

उत्तर कोण लिहिणार हे तिला ठाऊक होतं, आणि टेबल त्याच्या साहेबांचं असणार हेही. क्षणभर तिला वाटलं, शेवटचं वाक्य काढून टाकावं. मग डोळ्यांपुढे बाबा आले, खिडकीशी बसून येणाऱ्या-जाणाऱ्या बस बघणारे.

"चालेल," ती म्हणाली. आवाज मात्र चालत नव्हता.

त्यानंतर तो टपरीवर यायचा बंद झाला.

एक दिवस, दोन दिवस, आठवडा. ती रोज चहा घ्यायची आणि चहा रोज गार व्हायचा. त्याला जाऊन विचारावं, तर ती लबाडी. न विचारावं, तर जीव टांगणीला. आपण त्या माणसाची नोकरी धोक्यात घातली आणि वर त्याच्याशी गप्पा मारायची आस धरून बसलोय! तिला स्वतःचा राग यायचा. आणि त्याची आठवण यायची. रागापेक्षा आठवणच जास्त यायची, हे इथे सांगून टाकलेलं बरं.

उत्तर आलं. बाईंनी स्वतः मोठ्याने वाचलं. रुग्णांची लिफ्ट गेल्या हिवाळ्यापासून बंद आहे. प्रस्ताव तेव्हाच आला होता. तो या विभागाच्या उपसचिवांकडे प्रलंबित होता. विलंब झाला आहे. मंजुरी दिली असून काम सुरू करण्यात येत आहे.

"'विलंब झाला आहे'!" बाई खुर्चीत मागे रेलल्या. "इतकी वर्षं प्रश्न विचारतेय, पण हे वाक्य पहिल्यांदा बघतेय. कोण गं हा?"

ती धावतच टपरीवर गेली, आणि तो तिथे होता. ओल्या खांद्यासकट.

"कुठे होतात?"

"तुमचा प्रश्न माझ्या टेबलावर होता. तो तिथे असेपर्यंत तुमच्याबरोबर चहा... मला नसता गेला घशाखाली."

"साहेबांनी सही केली कशी?"

"त्यांनी आधी लिहिलं होतं, 'माहिती गोळा करण्यात येत आहे.' मी खाली टिपण लिहिलं, 'माहिती याच विभागात उपलब्ध आहे.' मग सभागृहाला दुसरं काही सांगायचं, तर सांगणाऱ्याची सही त्या टिपणाच्या खाली यायची. ती करायला कोणी धजेना. जाणूनबुजून खोटं सांगितल्याचा तो पुरावाच झाला असता."

"आणि तुमचं काय झालं?"

"मला बदललं. उत्तरांच्या कामावरून दुरुस्तीच्या. साहेब म्हणाले, एवढा पुळका आहे, तर लिफ्टही तूच दुरुस्त करून घे." तो हसला. "खरं सांगू? बरं वाटतंय. इतकी वर्षं नुसती उत्तरं लिहीत होतो."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. पावसाने आलं, असं म्हणता यावं म्हणून ती छत्रीच्या मोडक्या काडीखाली जाऊन उभी राहिली. आणि मग बाबांच्या पायाची सगळी गोष्ट तिने त्याला सांगितली.

लिफ्ट सुरू झाली त्या दिवशी बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला. काठी टेकत ते आले, लिफ्टच्या दाराशी उभ्या असलेल्या किडकिडीत तरुणाला त्यांनी खालून वर न्याहाळलं.

"तुम्ही कोण?"

"मी... या लिफ्टचा."

"ब्रेक तपासलेत?"

"तीनदा."

"मग ठीक." बाबा आत शिरले. मागून प्लास्टरमधली एक मुलगी, तिची आई, एक चाकाची खुर्ची. लिफ्ट भरली, दार मिटलं, आणि बाबा कोणाच्याही हाताशिवाय वर निघाले. खाली दोघं उरली.

"जिन्याने जाऊ या?" तो म्हणाला.

पहिला मजला मागे पडला. वळणावर ती थांबली.

"आता लिफ्टचा विषय संपला. मनाई उठली. आता मी काहीही विचारू शकते?"

"हो... अंशतः."

"मी तुम्हाला आवडते?"

तो कठड्याला धरून उभा राहिला. कान पुन्हा लाल. "म्हणजे... त्या संदर्भात..."

"समोरासमोर आहोत. इथे उपप्रश्न चालतात. मी शंभर विचारीन."

"नको," तो म्हणाला. आणि एकदम चष्मा काढून, सरळ तिच्याकडे बघत, "आवडता. फार आवडता. त्या पहिल्या दिवशी लिफ्ट सुरू झाली ना, तेव्हा मला वाईट वाटलं होतं. झालं? आता तुम्ही."

"मी काय?"

"उत्तर द्या की. का फक्त विचारताच येतं?"

तिने त्याचा हात धरला आणि म्हणाली, "चल ना, बाबा वाट बघत असतील." 'चला' नाही, 'चल'. त्याला ते पुरलं.

तिसऱ्या मजल्यावर बाबा बाकावर ऐटीत बसले होते. "मी केव्हाचा पोचलोय! तुम्हाला तीन जिने चढायला एवढा वेळ?" मग त्यांची नजर खाली गेली. हात अजून हातातच होते. "वकीलसाहेब, काय आहे हे? काही ठरलंय का?"

जन्मभर प्रश्न विचारणाऱ्या मुलीवर आता उत्तर द्यायची पाळी आली. "बाबा, म्हणजे... तसं अजून..."

"होय," तो म्हणाला.

बाबांनी एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा तिच्याकडे. मग काठी बाकाला टेकवून ठेवली, दोन्ही हातांनी बाक धरला आणि हळूहळू उठून उभे राहिले.

"कुठे आहेत ते व्यायामवाले?" ते म्हणाले. "बोलवा त्यांना. लग्नात मला काठी नकोय."