फुगलेली बॅटरी

फवारणी पंपाची बॅटरी रुमालात गुंडाळून तो माझ्या दुकानात आला, तेव्हा बाहेर ऊन रणरणत होतं. अमळनेरला स्टँडजवळ माझं बॅटरी-चार्जरचं दुकान. बाबा गेल्यापासून मीच चालवते.

बॅटरी एका बाजूने चक्क फुगली होती. पंपात त्याने नवी लिथियमची घातली होती, पण चार्जर मात्र जुन्या लेड-ॲसिडचाच लावला होता. ही आता मी परत देणार नाही, पुन्हा लावली तर पेट घेईल, असं मी सांगून टाकलं.

"पण पिन तर बरोबर बसते..."

"पिन बसली म्हणजे झालं का? व्होल्ट जुळला पाहिजे, जातही जुळली पाहिजे."

तो हसला. "बॅटरीतसुद्धा जात बघता?"

"फक्त बॅटरीतच बघते."

त्याने माझ्याकडे पाहिलं — जरा जास्तच वेळ.

नाव अमृत, नरडाण्याचा, घरी कापसाची शेती. मग तो येतच राहिला. कधी आईच्या टॉर्चचे निकेलचे सेल घेऊन, त्यांचा चार्जर आणखी वेगळा; कधी इन्व्हर्टरची चौकशी करायला. एकदा रिकाम्या हातांनी आला आणि म्हणाला, तुम्हाला बघायला आलो. मी मान खाली घालून वायर सोलत बसले... पण कानांत तेच घुमत राहिलं.

पुढे त्याचे वडील, छगनआबा, त्याला घेऊन आमच्या घरी आले. पोहे झाले, आईशी गोड बोलणं झालं. मग म्हणाले, "पोर चांगली शे. पन लगीननंतर दुकान बंद."

आईच्या डोळ्यांत विनवणी होती. अमृत हातचा जाणार, हे मला दिसत होतं. तरी बोलले.

"दुकान बंद होणार नाही, आबा. लग्न झालं तरी नाही, मोडलं तरी नाही."

आबा उठले, चपला घातल्या. "अमृत, चाल."

अमृत जागचा हलला नाही. "तुम्ही व्हा पुढे, आबा. मला नूतनला एक विचारायचंय."

आबा दारात क्षणभर थांबले... आणि निघून गेले.

त्याचे कान लाल झाले होते. "नरडाण्याहून रोज रेल्वेने येशील दुकानात? की मीच इथे खोली बघू?"

"आबा तुमच्याशी बोलणार नाहीत."

"नाही बोलणार. मी बोलत राहीन."

दार सताड उघडं होतं, समोरच्या ओट्यावरच्या बायका बघत होत्या. मी उठले आणि सरळ त्याच्या शेजारी जाऊन बसले.

"पास काढीन मी, अमृत," म्हटलं. पहिल्यांदाच — नुसत्या नावाने.