राहिलेलं आमेन

जेवणं झाली, अंथरुणं पडली. भाचीनं मोठा दिवा घालवला, तेव्हा मामांनी चष्मा काढून उशाशी ठेवला.

"हे ऐकीव नाही," ते म्हणाले. "मास्तरांनी मला स्वतः फोनवर सांगितलं. दोनदा. सांगताना माझ्याकडूनच काही इकडचं तिकडे झालं तर माहीत नाही. हल्ली माझा माझ्यावरच फारसा भरवसा नाही."

"मामा, प्रस्तावना पुरे," भाचा पांघरुणातून म्हणाला. "भूत कधी येतं?"

"तू गप्प बसलास की येतं."

तर मास्तर म्हणजे आपल्याच चर्चच्या मंडळीतले. शाळेत भूगोल शिकवायचे. निवृत्त झाले आणि मिशनरी होऊन परदेशी गेले. म्हणाले, जन्मभर नकाशावर बोट ठेवलं, आता पाय ठेवतो. बायकोचं दुखणं आटोक्यात आलं की तीही जाणार होती.

तिकडे तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. लिफ्ट नाही, आणि मास्तरांचा डावा गुडघा आधीच कुरकुरणारा. रविवारी उपासना, मंगळवारी आणि शुक्रवारी शुश्रूषागृहात जायचं, ज्यांचं कुणी उरलेलं नाही अशा म्हाताऱ्या दुखणेकऱ्यांपाशी बसायचं. तिथली भाषा साठीत काही जिभेवर बसेना. दुखणेकरीच म्हणाले, तुम्ही आपली तुमच्या भाषेत प्रार्थना करा. देवाला कळेल, आम्हाला ऐकायला बरं वाटतं.

पहिली दोन वर्षं मास्तर मनापासून प्रार्थना करायचे. मग इकडे बायकोनं अंथरूण धरलं. विमानाचं तिकीट मिळेना. एका रात्री ते नऊ तास गुडघ्यांवर होते. पहाटे फोन आला. ती आदल्या संध्याकाळीच गेली होती. नऊ तास ते मेलेल्या माणसाच्या तब्येतीसाठी मागणं मागत होते.

त्यानंतर आत काही उरलं नाही. पण मंगळवार-शुक्रवार कुठे चुकतात? मास्तर जायचे, डोळे मिटायचे आणि त्याच सुरात तोंडाला येईल ते बोलायचे. "हे देवबापा, स्वयंपाकघरातला नळ गळतोय. घरमालक दाद देत नाही. गुडघा दुखतोय. आमेन." दुखणेकरी हात जोडून म्हणायचे, आमेन. कुणाला काय कळतंय?

त्यांच्यात एक शिंपीण होती. जन्म शिवणयंत्रावर गेलेला. हात रिकामा असला तरी अंगठा आणि बोट हलत राहायचं, दोरा ओढल्यासारखं. ती मास्तरांचा हात धरायची. "पोरा, तू मागतोस ना, ते मला सगळं लागू पडतं बघ," म्हणायची. मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पण पुढच्या मंगळवारी पुन्हा तेच.

मार्चची चौदा तारीख, गुरुवार. रात्री साडेनऊला नर्सचा फोन आला. "त्या काही सकाळ बघत नाहीत. तुम्हाला विचारतायत."

मास्तर गेले. खुर्ची ओढून बसले. दहा वाजले. साडेदहा. शिंपीण श्वास घेत होती. शेवटची बस अकरा पाचची. ती चुकली की चार किलोमीटर पायी.

अकराला दहा कमी असताना मास्तरांनी डोळे मिटले. त्याच सुरात म्हणाले, "हे देवबापा, आता हिला लवकर ने. माझी बस चुकेल. आमेन."

शिंपीण हसली. म्हणाली, "आमेन."

मास्तर उठले. बसमध्ये बसतात न बसतात तोच फोन वाजला. नर्स म्हणाली, "तुम्ही बाहेर पडलात आणि त्या गेल्या. आमेन, तेवढा एकच शब्द शेवटी बोलल्या."

घरी पोचायला साडेअकरा झाले. मास्तर स्वयंपाकघरात टेबलाशी बसले. दिवा लावला नाही. नळ गळत होता. त्यांना वाटलं, एकदा तरी त्या शिंपिणीसाठी खरं मागावं. माफी मागावी. निदान आज.

त्यांनी हात जोडले.

"हे देवबापा..."

पुढे काही येईना. नुसता नळ. टप्... टप्...

मग पाठीमागे कुणीतरी खुर्ची ओढली.

"...स्वयंपाकघरातला नळ गळतोय."

बाईचा आवाज. आपल्या भाषेत. स्वच्छ. त्या शिंपिणीला तर आपल्या भाषेतला एक शब्द येत नव्हता. आमेन सोडून.

"घरमालक दाद देत नाही. गुडघा दुखतोय..."

सूर मास्तरांचाच. मास्तरांनी वळून पाहिलं नाही. मान वळेचना. आवाजात राग नव्हता. टोमणा नव्हता. फार मायेनं मागत होती. त्यांच्यासाठी. मंगळवारचं मागणं, शुक्रवारचं मागणं. एकही गाळलं नाही. मधून मधून दोरा ओढल्यासारखा बारीक आवाज...

मग ती थांबली.

श्वास घेतला.

"आता याला लवकर ने."

आणि गप्प झाली.

वाट बघत होती. प्रार्थना संपली की समोरचा काय म्हणतो? जन्मभराची सवय ती. शब्द मास्तरांच्या जिभेवर आला. ओठांपर्यंत आला. त्यांनी दोन्ही हातांनी तोंड दाबलं.

एक वाजला...

तीन...

खुर्ची हलली नाही.

उजाडलं तेव्हा हात तोंडावरच होते. मागे खुर्ची होती. रिकामी.

मामा थांबले.

"म्हणून टाकायचं ना एकदाचं," भाचा म्हणाला, पण हळू.

"ते आता म्हणतच नाहीत. उपासना घेतात, प्रार्थनेच्या शेवटी गप्प उभे राहतात. लोकांना वाटतं, गहिवरले. चर्चला राजीनामा लिहून ठेवलाय. त्याच्या शेवटी प्रार्थना लिहायची रीत, आणि तिच्या शेवटी तोच शब्द, म्हणून तसाच पडलाय."

"मामा," भाची म्हणाली, "स्वप्न असेल. दिवसभराचा शीण."

"मीही तेच म्हटलं. तेव्हा त्यांनी नळाचं सांगितलं. त्या सकाळी नळ गळत नव्हता. नळाच्या तोंडाशी पांढरा शिवायचा दोरा गुंडाळलेला. गच्च, एकाशेजारी एक वेढे. शेवटी बारीक गाठ. शिंपी मारतात तशी."

बाहेर कुठेतरी दार लागलं. भाच्यानं पांघरूण वर ओढलं.

"आणि गुडघा?" भाचीनं विचारलं.

मामांनी अंधारात चष्मा चाचपला. सापडला, पण लावला नाही.

"काल फोन होता," ते म्हणाले. "तीन जिने चढून आलो म्हणाले. अजिबात दुखला नाही. आता तिचं एकच मागणं उरलं म्हणाले, आणि रडायला लागले."