फळ्यांखालचा बर्फ

लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी तायमी लाहतिनेन टेबलांवर चादरी अंथरायला एरिनात, गावच्या बर्फाच्या क्रीडागृहात गेली. लेकीचं, काइयाचं लग्न तिथंच होतं. हेरॉन क्रीकमध्ये एवढी माणसं मावतील असं दुसरं छप्परच नव्हतं. बर्फावरच्या हॉकीचे सामने, पोरींचं स्केटिंग, मतदान, नाचगाणी, जंगलात वणवा पेटला तेव्हा आसऱ्याला आलेली बिऱ्हाडं... या खाणगावाचं सगळं काही त्या पत्र्याच्या पोटात झालेलं. बर्फावर लाकडी फळ्या जोडल्या, की झाला हॉल.

तायमीनं मात्र लहानपणीच्या एका दिवसानंतर आजवर तिथं पाय ठेवला नव्हता. ती लहान असताना खाणीत आग लागली. धुरानं गुदमरलेली माणसं ठेवायला गावात जागा नव्हती आणि बाहेरची जमीन गोठून दगड झालेली. म्हणून त्यांना इथंच, बर्फावर ओळीनं निजवलं होतं. त्यात तिचा बाप होता, उर्हो. आईनं चादर सारून त्याचं तोंड पाहिलं, आणि तायमीला उचलून बाहेर नेलं. पुढच्याच आठवड्यात तिथं सामना झाला. लोकांचा जल्लोष त्यांच्या स्वयंपाकघरापर्यंत येत होता. आईनं खिडकी लावून घेतली होती.

"नवरीच्या आईनं केस करून घ्यायचे, तर ही चादरी झटकत बसलीय," गास्तों म्हणाला. एरिनाचा राखणदार, शाळेपासूनचा सोबती.

"तुझ्या हातून एक चादर सरळ पडली असती, तर कशाला आले असते मी?"

तो हसला, आणि तेवढ्यात दिवे गेले. बाहेर हिमवादळ घोंघावत होतंच.

"जनरेटर बघून येतो. हलू नकोस, धडपडशील."

एरिनाला खिडक्या नव्हत्या. काळोख असा दाट, की स्वतःचा हात दिसेना. बर्फ गार ठेवणाऱ्या यंत्रांची घरघरही थांबली होती, आणि ती थांबल्यावर तायमीला कळलं की इतका वेळ ती चालू होती. मग वास आला. ओल्या लोकरीचा... जळक्या लाकडाचा.

टक... टक टक.

थंडीनं फळ्या आकसत असतील, असं तिनं मनाला समजावलं. पण दुसरा ठोका दूरच्या कोपऱ्यातून आला. तिसरा थेट तिच्या पायाखालून. खाणीत अडकलेली माणसं नळावर ठोके देतात, तसे. खाणगावातल्या लेकराला ते ओळखायला शिकवावं लागत नाही.

"वर... कोणी आहे का?"

आवाज फिनिश भाषेत बोलत होता, फिनलंडहून आलेल्या त्यांच्या घरातली फिनिश. आई गेल्यापासून त्या वळणानं बोलणारं गावात कुणी उरलं नव्हतं.

दार कुठं आहे ते तायमीला ठाऊक होतं. तरी ती दाराकडे गेली नाही. हळूहळू गुडघ्यांवर बसली आणि फळीला ओठ लावून म्हणाली, "आहे. मी... तायमी."

खालून अगदी थकलेला आवाज आला, "शिफ्ट... संपली का?"

"संपली, बाबा. केव्हाच संपली. कुणी सांगितलं नाही का तुम्हाला?"

"भोंगा... वाजला नाही."

खरंच, त्या दिवशी भोंगा वाजवायला कोण होतं?

"मी सांगते ना. सगळ्यांना घेऊन वर या. उद्या तुमच्या नातीचं लग्न आहे इथं. आणि मग घरी जा. आई वाट बघून बघून गेली..."

खाली जड बूट घासल्याचा आवाज झाला. मग तो फळ्यांवर आला. एकामागून एक गारवा तिच्या गालाजवळून सरकत गेला. त्यातला एक थबकला. केसांवर काहीतरी टेकलं, अगदी हलकं, आणि निघून गेलं. दूर कुठंतरी दार करकरलं. बर्फाळ वारा आत घुसला.

दिवे आले तेव्हा गास्तों मागच्या दाराशी उभा होता.

"हे कुणी उघडलं? कुलूप होतं याला." मग त्यानं तिचा चेहरा पाहिला. नुसता हात देऊन तिला उठवलं.

लग्न छान झालं. तायमी त्या फळ्यांवर जावयाबरोबर नाचली, धाप लागेपर्यंत. काइया म्हणाली, "आई, तुला एवढं हसताना मी पाहिलंच नव्हतं."

पाहुणे पांगल्यावर ती गास्तोंबरोबर फळ्या काढायला आली. फळ्या गेल्या उन्हाळ्यातच शहरातून आणलेल्या, कोऱ्या. पहिली उलटली. खालच्या अंगाला काजळीचे पंजे उमटले होते, खालून वर रेटलेले. गास्तोंनं टोपी काढली. तायमीनं फडकं ओलं करून एकेक पंजा पुसला, जपून, एखाद्याचं तोंड पुसावं तसा.

शेवटच्या फळीवरचा पंजा इवलासा होता.

"खाणीत लहान मूल कुठलं?" गास्तों हलक्या आवाजात म्हणाला.

तायमीनं बोट टेकवून पाहिलं. बाकीचे ठसे कोरडे होते... हा ओला होता, आत्ताच उमटलेला. कुणीतरी अजून खालीच होतं.