पिंपातलं धुकं कोणी पळवलं?

“पिंप पुन्हा कोरडं!” यास्ना किंचाळली. “दान्को, आधी इकडे ये!”

दान्को काही आला नाही. शाळेमागच्या टेकाडावर तो त्या सांतियागोच्या पोरीला जाळी दाखवण्यात रंगला होता. “हे बघ, धुकं या जाळीला अडतं, त्याचे थेंब होतात आणि पन्हळीतून खाली पिंपात पडतात. आमच्या पाम्पा चिका गावात पाऊस म्हणजे आजोबांच्या थापा!”

पाहुण्यांना जाळी दाखवायचं काम नेहमी यास्नाचं. आणि तो थापांचा विनोदसुद्धा तिचाच होता! चोर कुठला!

ऑक्ताव्हिया नावाची ती पोरगी पहाटे गावात उतरली होती. समुद्रावरून असं दाट धुकं आलं, की तिचं पुढचं विमान उडेना. मग निबाल्दोकाकांनी विमानतळाच्या पांढऱ्या व्हॅनमधून तिला आणि तिच्या आत्याला यास्नाच्या आईच्या खाणावळीत न्याहारीला आणून सोडलं. तेवढ्या वेळात तिनं काय काय मिळवलं! आईच्या हातच्या गरम तळलेल्या सोपायपिया, म्हणजे भोपळ्याच्या पुऱ्या, खाल्ल्या, “किती गोड पोर गं!” असं आईकडूनच म्हणवून घेतलं, आणि दान्कोच्या सायकलच्या कॅरियरवर बसून गाव पाहिलं. ती यास्नाची जागा होती. आपल्या मावसभावाच्या मागे दुसरं कुणी बसलेलं यास्नानं कधी पाहिलंच नव्हतं. तिचा नुसता जळफळाट होत होता.

त्यात हे रिकामं पिंप! वर्गानं लावलेलं पिमियेंतो या सावलीच्या झाडाचं रोपटं जुलैच्या सुट्टीत सांभाळायची पाळी यास्नाची होती. आठवडाभर रोज सकाळी पिंपात खडखडाट. रोपट्यानं मान टाकली होती. दुपारी वर्गशिक्षिका एर्मिनियाबाई बघायला येणार होत्या. रोपटं असं दिसलं, तर पाळी जाणार आणि ‘यास्नानं झाड मारलं’ हे गावभर होणार!

टेकाडावरून खाली येत ऑक्ताव्हिया म्हणाली, “पण गंमतच आहे! विमान उडू नये इतकं धुकं, आणि पिंप मात्र कोरडं? पाणी कुणीतरी नेतंय!”

“तेच मी सांगणार होते,” यास्ना फणकारली.

“मग सांगितलं का नाहीस?” दान्को हसला. “हुशार आहे बुवा ही!”

ऑक्ताव्हिया विजार झटकत होती. “तुमच्याकडे सगळ्यावर धूळ! बाकावर धूळ, कुत्र्यावर धूळ. आमची व्हॅन तेवढी लखलखीत.”

“आमच्याकडे गाड्या फडक्यानं झटकतात,” यास्ना ताडकन म्हणाली. “पाणी ओतून गाडी धुणाऱ्याला इथे येडा म्हणतात. पाणी टँकरनं येतं, बाईसाहेब!”

“अगं, मी सहज म्हटलं.”

“ए यास्ना, पाहुणीवर का खेकसतेस?” दान्को म्हणाला. “ऑक्ताव्हिया, चल, आपण दोघं पाळत ठेवू.”

आपण दोघं! यास्नाचा तोल सुटला. गावापलीकडच्या टेकडीकडे बोट करून ती ओरडली, “अगं बाई, धुकं निवळतंय! विमान निघेल तुझं! पळ, व्हॅन खाणावळीसमोरच आहे!”

ऑक्ताव्हियानं टेकडीकडे पाहिलं. मग यास्नाकडे पाहिलं. ती धावत सुटली.

दान्को डोळे बारीक करून बघत राहिला. “कुठे निवळलंय? टेकडीसुद्धा दिसत नाहीये! यास्ना, तू थाप मारलीस?”

यास्ना रोपट्याची वाळकी पानं खुडत बसली. पीडा गेली, पण बरं काही वाटेना. दान्को पाठ फिरवून खडे फेकत बसला. तिच्या कानात मात्र दोनच वाक्यं घोळत राहिली. आमची व्हॅन तेवढी लखलखीत... पाणी ओतून गाडी धुणारा...

“दान्को!” ती ताडकन उठली. “निबाल्दोकाका! पाणी तेच नेतात! आईनं बीट उकडलंय ना, त्याचं पाणी अजून पातेल्यात आहे. चल लवकर!”

खाणावळीच्या मागच्या दारानं जाऊन दोघांनी ते लालभडक पाणी आणलं, पिंपात ओतलं आणि भिंतीआड दडून बसले.

थोड्याच वेळात काळी बादली घेऊन निबाल्दोकाका आले. एका हातानं फोन कानाला धरलेला, मान वाकडी. “हो हो, आणतो साहेब, चकाचक गाडी आणतो!” असं म्हणत त्यांनी न बघताच तोटी सोडली, बादली भरली आणि गेले. पोरं दबक्या पावलांनी मागे निघाली. काका फोनवर हसतहसत गाडीवर पाणी मारत होते, फडकं फिरवत होते. पांढरी व्हॅन बघताबघता गुलाबी झाली!

“काका, वाढदिवस आहे का गाडीचा?” दान्को ओरडला.

खाणावळीत एकच हशा पिकला. नेमक्या त्याच वेळी एर्मिनियाबाई आल्या. गाडी, बादली, काकांचे लाल हात. त्यांना सगळं समजलं.

“धुकं काय कुणाच्या मालकीचं असतं?” काका पुटपुटले. “विमानतळाला स्वच्छ गाडी लागते हो बाई.”

“धुकं कुणाचंच नाही, निबाल्दो. पण ज्याची जाळी त्याचं पाणी, हे तुमच्या आजोबांनीच गावाला शिकवलं. ही जाळी पोरांनी शिवली आहे. आता सुट्टी संपेपर्यंत तुमच्या घरचा एक कॅन रोज झाडाला!” बाई यास्नाकडे वळल्या. “शाब्बास, पोरी! झाड तुझ्याच हाती ठेवणार मी.”

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. यास्नाला मात्र मान वर करवेना. दारात ऑक्ताव्हियाही टाळ्या वाजवत होती.

“बाई, अर्धी शाबासकी हिची,” यास्ना कशीबशी म्हणाली. “गाडी एवढी लखलखीत आहे, हे हिनं ओळखलं. आणि मी हिला खोटं सांगून हाकललं. मला... मला हिचा हेवा वाटत होता.”

“मला ठाऊक होतं,” ऑक्ताव्हिया म्हणाली. “टेकडी दिसतच नव्हती! पण तुझ्या तोंडून धुण्याचं ऐकलं आणि डोक्यात प्रकाश पडला. म्हणून मी काकांना सांगितलं, गाडीवर पुन्हा धूळ बसलीय, आत्या मळक्या गाडीत पाऊल टाकणार नाही!” मग ती हळूच म्हणाली, “आणि मला तुझा हेवा वाटत होता. बाबांची दरवर्षी बदली होते. माझ्या मालकीचं कुठे झाडही नाही, आणि दान्कोही नाही.”

यास्नानं गाडीतला काकांचा पाण्याचा कॅन उचलला. ज्याची पाळी त्यानंच पाणी घालायचं, असा वर्गाचा नियम होता. तो मोडून तिनं कॅन ऑक्ताव्हियाच्या हाती दिला. दोघी रोपट्यापाशी गेल्या. माती पाणी पीत होती, आणि यास्नाची नजर सहज वर गेली. टेकडीचा माथा लख्ख दिसत होता.

क्षणभर तिला वाटलं, काही बोलूच नये.

“ऑक्ताव्हिया, धुकं निवळलं. पळ!”

“थापाडी!” ऑक्ताव्हिया खळखळून हसली. “आता नाही हं फसणार!”

“अगं, खरंच!” यास्नानं तिचा हात धरला आणि दोघी त्या गुलाबी गाडीकडे धावत सुटल्या.