सगळ्यांच्या मागं दोघं

"बाईंना चालवंना झालंय काका. मी काय करू? खांद्यावर घिऊन यिऊ काय?"

करवंदीच्या जाळीपलीकडून कुरकुर आली. अलीकडं क्रांती दगडावर बसून बुटातला चिखल काढत होती. फोनवर बोलणाऱ्याला ती दिसत नव्हती. तिला मात्र शब्दन् शब्द ऐकू आला, आणि मागं राहिलेली बाई तर एकच होती. तिचे कान तापले. बूट तसाच ओला पायात घालून ती उठली.

पन्हाळ्यावरून पावनखिंडीपर्यंत पायी, दोन दिवसांत. कोल्हापूरच्या या मंडळात एक माणूस कायम सगळ्यांच्या मागं चालतो, कोणी रानात राहू नये म्हणून. यंदा तो मान उदयसिंहाचा. गळ्यात शिट्टी, डोक्यावर लाल टोपी आणि बोलणं असं, की समोरच्यानं रागवावं की हसावं ते ठरवेपर्यंत चढ संपावा. मंडळाचा नियम मात्र कडक. पहिल्या दिवशी अंधार पडल्यावर मुक्कामी पोचणाऱ्यानं दुसऱ्या दिवशी सामानाच्या टेम्पोत बसायचं.

इचलकरंजीहून निघताना भाऊ म्हणाला होता, "टेम्पोत जागा धरून ठेव." वहिनी हसली होती. आईनं टेम्पोवाल्याचा नंबर मागून घेतला, ते जास्त लागलं होतं. खुर्चीत बसून नोकरी करणाऱ्या, लग्न मोडून माघारी आलेल्या मुलीनं एक तरी गोष्ट शेवटापर्यंत न्यावी... असं घरात कोणी म्हणत नव्हतं. ते तिचं तीच म्हणत होती.

"चला मॅडम. हितंच हाय आता," उदयसिंह जाळीला वळसा घालून आला.

"सकाळपासून हितंच हाय."

"आमच्यात लांब म्हणायची पद्धत न्हाय."

एरवी ती हसली असती. आता मान खाली घालून ती चालू लागली, तीही तरातरा. लाजेला पाय फार असतात. धुकं अंगावर घेत, लाल घसरणीवरून ती उतरली, ओढा ओलांडला, समोरचा चढ अर्धा चढून मागं वळली. बघू दे म्हणावं, कोणाला चालवत नाही ते.

तो खालीच होता. एका हातानं झाड धरलेलं, डावा पाय उचललेला. चेहरा असा, की आपण चोरून कोणाचं रडणं पाहिलं असं तिला वाटलं. तिची नजर कळताच तो ताठ झाला आणि उगाचच जोरात शिट्टी वाजवली.

म्हणजे... चालवत नव्हतं ते त्याला.

पुढं निघून जायचं, एवढंच तिनं करायचं होतं. वाट दिसत होती, उजेडही होता. क्रांती दगडावर बसली आणि ओरडून म्हणाली, "दम लागला हो मला."

तो वर पोचला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जे सुटल्यासारखं हसू होतं, ते पाहून तिला राग यायला हवा होता. आला नाही. पंचाईत झाली ती तिथंच.

मग तिला प्रत्येक चढाला दम लागू लागला. कधी ओढणी पिळायची असे, कधी भाताच्या खाचरावरचे बगळे बघायचे असत.

"फुटबॉल खेळता?" त्याच्या बनियनवरचं पेठेच्या संघाचं नाव वाचून तिनं विचारलं.

"खेळत हुतो." मग घाईनं, "तुमच्या इचलकरंजीत काय, लूमच्या आवाजात एकमेकांचं ऐकू तरी येतंय काय?"

"येतंय की. फोनवर बोललेलं तर जाळीपलीकडूनसुद्धा येतंय."

त्यानं टोपी डोळ्यांवर ओढली. बांधावर तिचा पाय सटकला, त्यानं हात धरला. कोण कोणाला सावरत होतं, सांगणं अवघड... बांध संपला तरी हात सुटायला जरा वेळच लागला.

फोन पुन्हा वाजला. "व्हय काका. न्हाय, त्या... त्या जरा..." तो तिच्याकडं न बघता अडखळला.

"सांगा की, बाई दमल्यात म्हणून," ती हळूच म्हणाली.

त्यानं सांगितलं. मग तो तिच्या मागं मागंच राहिला. मागं वळून बघायचा तिला धीर झाला नाही. पावसाची भुरभुर सुरू झाली. एरवी गोड वाटली असती.

दोघं पोचली तेव्हा अंधार पडून मुक्कामाच्या शाळेत दिवे लागले होते. सगळी मंडळी व्हरांड्यात पिठलं-भात घेऊन बसलेली. उदयसिंह कठडा धरून, एकेक पायरी आडवा होऊन चढला. सगळ्यांनी ते पाहिलं आणि सगळ्यांनी ताटात बघितलं. शिट्टीवाल्याला लंगडा कोण म्हणणार?

मंडळाचे म्होरके, फोनवरचे हंबीरराव काका घसा खाकरून म्हणाले, "क्रांती, उद्या तू टेम्पोत बस पोरी. त्यात लाजायचं काय न्हाय."

वाढणाऱ्या शालूबाईंनी उदयसिंहाच्या गुडघ्याकडं बघितलं, काकांकडं बघितलं आणि त्या भाताचं पातेलं ढवळत राहिल्या.

"बसते की," क्रांती म्हणाली. आवाज तिनं सरळ ठेवला होता, शेवटच्या अक्षरावर तो वाकला.

पलीकडं कोणीतरी कांदा मागितला.

उदयसिंहानं गळ्यातली शिट्टी काढून काकांच्या ताटाशेजारी ठेवली. खांब धरून उभा राहिला.

"ह्या दमल्या न्हाईत काका. गुडघा माझा गेलाय, सकाळी पठारावरच. फोनवर मी खोटं बोललो. उद्या टेम्पोत मी बसतो." त्याची मान खाली होती. "ओढ्यापासनं ह्या माझ्यासाठी हळू चालल्या... आन् मला ते कळत हुतं. कळून बी थांबवलं न्हाय मी. ह्यांच्यासंगं चालायला बरं वाटत हुतं. अजून बी वाटतंय."