वीब्केची तिशी

"त्या मुठी मी सकाळीच पुसल्यात."

वीब्के दचकली. बारा नंबरच्या केबिनच्या दाराशी वाकून ती पितळी मूठ घासत होती. मागे जहाजावरचा खलाशी उभा. त्याच्याही हातात फडकं होतं, आणि ताटातला घास कुणी उचलावा तसा चेहरा.

"पुन्हा पुसल्या म्हणून झिजणार आहेत का?" ती म्हणाली.

"मुठी नाही झिजायच्या. माझी नोकरी झिजेल. कप्तान विचारील, प्रवाशांना कामाला लावून तू काय करतोस, क्विरिन?"

"सांगा, एक बाई पैज हरली."

खरं कारण सांगायची तिला लाज वाटत होती. उत्तर जर्मनीतल्या तिच्या ब्रेमेन गावात रीतच आहे. तिशी गाठली तरी लग्न न झालेल्या मुलीने वाढदिवसाला मोठ्या चर्चच्या दाराच्या मुठी घासायच्या. कुणी पुरुषाने मुका घेतला की सुटका. बघायला ओळखीचे सगळे जमतात, हसतात. हेनिंग सात वर्षं तिच्याबरोबर राहून एप्रिलमध्ये दुसरीकडे निघून गेला नसता, तर तीही हसली असती. आता मात्र कुणीतरी दया येऊन आपला मुका घेणार, ही कल्पनाच तिला सोसवत नव्हती. म्हणून गेशेआत्याने डॅन्यूब नदीवरच्या सफरीचं विचारलं तेव्हा ती एका पायावर तयार झाली. पासाऊहून व्हिएन्नापर्यंत, ऑक्टोबरचा एक आठवडा. वाढदिवस पाण्यावरच उरकेल.

आत्याने बॅगेत पॉलिशची डबी टाकली होती. "चर्च नाही तर जहाज," ती सकाळीच म्हणाली होती. "रीत ती रीत."

क्विरिन गेला नाही. समोरच्या रांगेतली दारं त्याने घासायला घेतली. खिडक्यांबाहेर पिवळे पडलेले द्राक्षमळे हळूहळू मागे सरकत होते.

"तुमची मूठ जास्त चकाकते," थोड्या वेळाने तो म्हणाला. जरा नाराजीनेच.

"मी कवळ्या बनवते. चकाकी हाच माझा धंदा."

"मग माझ्या दातांकडे बघू नका."

"कधीच पाहिले. पुढचा एक वाकडा आहे…" ती फडक्याची घडी बदलत म्हणाली, "तो तसाच राहू द्या."

यावर तो एकच मूठ बराच वेळ घासत राहिला.

दुपारी वरच्या डेकवर केक कापला, आणि आत्याने सगळ्यांना रीत सांगून टाकली. सुटकेसाठी माणूसही तिने हेरून ठेवला होता — ओल्टमान आजोबा, एक्याऐंशी वर्षांचे, निवृत्त पोस्टमन. तेवढ्यात कोणीतरी म्हणालं, "आजोबांना कशाला त्रास? तो खलाशी आहे की." लोक टाळ्या वाजवू लागले. दोर गुंडाळत असलेला क्विरिन थांबला. वीब्केला वाटलं, डेकवरून सरळ पाण्यात उतरावं.

तो जवळ आला. टोपी काढली. तिच्यापुरताच आवाज ठेवून म्हणाला, "मला आवडेल. खूपच. पण या टाळ्यांसाठी नाही. उद्या तुम्हाला तीस वर्षं आणि एक दिवस झालेला असेल… तेव्हा विचारीन."

आणि तो दोराकडे परत गेला. लोक हिरमुसले. ओल्टमान आजोबांनी उठून वीब्केच्या गालावर ओठ टेकवले, म्हणाले, "टपाल पोचलं." सगळे हसले. तीही हसली, पण कानात एकच शब्द घोळत होता. विचारीन. सात वर्षांत हेनिंगने तिला काही विचारल्याचं आठवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी व्हिएन्ना आलं. उतरणाऱ्यांना हात द्यायला क्विरिन फळीच्या टोकाशी उभा होता. त्याने आत्याला उतरवलं, मग वीब्केचा हात धरला. "सांभाळून," एवढंच म्हणाला. हात सुटला.

वीब्के धक्क्यावरून वीसेक पावलं चालली. मग बॅग खाली ठेवून परत आली.

"तुम्ही काहीतरी विचारणार होता."

"रात्रभर शब्द जुळवले," तो टोपीशी चाळा करत म्हणाला. "मग वाटलं, तुम्ही ब्रेमेनला, मी नोव्हेंबरपर्यंत पाण्यावर… विचारून तुम्हाला कशाला अडचणीत टाकायचं?"

"माझी अडचण माझ्याकडेच राहू द्या. मीच विचारते." ती एक पाऊल पुढे आली. "मुका घेऊ?"

त्याने मान डोलावली. तिने टाचा उंचावल्या. त्याच्या मफलरला पितळेच्या पॉलिशचा आणि कॉफीचा वास येत होता.

पलीकडे ओल्टमान आजोबांनी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला. "रीत कालच झाली ना?"

"झाली," आत्या म्हणाली, आणि त्यांना खांद्याला धरून नदीकडे पाठ करून उभं केलं. "हे त्यांचं त्यांचं चाललंय."

"नोव्हेंबरात जहाज पासाऊला उभं राहतं," क्विरिन म्हणाला. तिचे हात अजून त्याच्या हातात होते. "तिथून ब्रेमेनला यायचं तर गाडी कुठे बदलावी लागते?"

"हानोव्हरला," वीब्के म्हणाली. "आणि जाड कोट घेऊन ये. आमच्याकडे वारा फार असतो."